जायबंदी सैनिक आणि त्याचे घर

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या भिंतीत किंवा वेशीजवळ एक लहानशी पाटी बसवलेली आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धासाठी त्या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढे दोनच आकडे तिच्यावर कोरलेले असतात. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. त्या महायुद्धात पडलेल्या आपल्या ४६ जवानांची आठवण त्याने शंभर वर्षे जपली आहे, आणि ती जपण्यासारखीच आहे. मात्र जी माणसे गेली, मेली नाहीत, पण धडही परतली नाहीत, त्यांचा हिशेब यांपैकी कोणत्याच पाटीवर नाही. एक पाय, एक डोळा किंवा झोप गमावून ती गावी आली, पुढची तीस-चाळीस वर्षे घरच्यांच्या आधाराने जगली आणि घरातल्यांच्या स्मृतीबाहेर त्यांची नोंद फारशी कुठे झाली नाही.

प्रस्तुत ग्रंथ त्या न कोरलेल्या तिसऱ्या आकड्याविषयी आहे, आणि त्याहूनही अधिक त्या माणसांच्या घरांविषयी आहे. सैनिकाच्या जखमेवर शस्त्रक्रिया रुग्णालयात होते, जीव तिथेच वाचतो; परंतु बरे होणे, म्हणजे बदललेल्या शरीराने पुन्हा जगू लागणे, हे घरात घडते, वर्षानुवर्षे घडत राहते आणि पत्नी, आई, भाऊ, मुलगी यांच्या हातून घडते. म्हणून उपचारांची आखणी करताना, निवृत्तिवेतन ठरवताना आणि समाजाने कृतज्ञता व्यक्त करतानाही एकट्या सैनिकाचा विचार न करता त्याच्या घराचा विचार केला पाहिजे, असे या ग्रंथाचे म्हणणे आहे.

जायबंदी सैनिक म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम रणांगण उभे राहते. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे, १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली शांतिसेना, एप्रिल १९८४ पासून सियाचीन हिमनदीवर अखंड चाललेला पहारा, काश्मीर आणि ईशान्येकडील कारवाया, २००१-०२ मध्ये ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळी सीमेवर पेरताना आणि नंतर काढताना फुटलेले सुरुंग, या प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेच्या जखमा मागे ठेवल्या. सुरुंगांनी पाय नेले. हिमदंशाने, म्हणजे अतिथंडीत रक्तप्रवाह थांबून अवयव काळा पडत निर्जीव होण्याच्या विकाराने, हातापायांची बोटे नेली. गोळीच्या किंवा बॉम्बच्या तुकड्याने मणका फोडला. परंतु सैनिकी सेवेत अपंग झालेल्यांमध्ये प्रशिक्षणात उंचावरून पडलेले, डोंगरी रस्त्यावर ट्रक दरीत गेल्याने पाठीत मोडलेले आणि सुटीवर घरी येताना अपघातात सापडलेलेही असतात. कागदोपत्री या सर्वांचे वर्ग वेगळे होतात आणि त्या वर्गांवर पुढचा सारा पैसा अवलंबून राहतो. घरात मात्र तिघांनाही उचलून खाटेवरून खुर्चीत बसवावे लागते, आणि उचलणाऱ्याच्या पाठीवर येणारा भार सारखाच असतो.

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ सैनिकभरतीच्या परंपरेपुरता नाही. अपंग सैनिकांच्या पुनर्वसनाच्या देशातील काही जुन्या संस्था पुण्यात आणि खडकीत आहेत. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ मध्ये, तत्कालीन गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग हिंदी सैनिकांना हातचे कौशल्य शिकवणारी शाळा निघाली. तीच पुढे खडकीला हलून क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले आणि आजही तिथे सैनिकांबरोबर नागरिकांनाही कृत्रिम हातपाय बसवून मिळतात. खडकीच्या लष्करी रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींवर विशेष उपचार होतात, आणि जवळच १९७४ साली स्थापन झालेले पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, जिथे कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले जवान दीर्घकाळ, काही तर आयुष्यभर, राहतात. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे तिथले जवान पुणेकरांना अपरिचित नाहीत. त्यांचे घर कुठे आहे, घरी कोण आहे आणि ते घरी का जाऊ शकले नाहीत, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

त्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी थोडे वैद्यक समजून घेणे आवश्यक आहे. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा चेतातंतूंचा जुडगा. तो छाती-कमरेच्या पातळीवर तुटला तर दोन्ही पाय जातात आणि त्या अवस्थेला पॅराप्लेजिया म्हणतात, मानेच्या पातळीवर तुटला तर हातही जातात आणि त्याला क्वाड्रिप्लेजिया म्हणतात. दोन्हींत केवळ हालचाल जात नाही. स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, लैंगिक क्षमता आणि दुखापत जितकी वर तितके रक्तदाब व घामाचे नियंत्रणही बिघडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रुग्णांपैकी बहुतेक जण शय्याव्रण, म्हणजे एकाच जागी भार पडून कुजणारी जखम, आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग या दोन कारणांनी लवकरच दगावत. १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन या जर्मनीतून निर्वासित झालेल्या ज्यू वैद्याने अशा सैनिकांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि खेळ, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी त्याने हे चित्र पालटले. १९४८ मध्ये त्याने भरवलेल्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. गुटमनच्या यशात एक बाब दडलेली आहे, जिच्याकडे वैद्यकाच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले जात नाही: त्याच्या उपचारांचा गाभा औषध नव्हते, अहोरात्र जागणारे हात होते. रुग्णालयात ते हात पाळीपाळीने येतात. रुग्ण घरी गेल्यावर पाळी एकाच माणसाची राहते.

ती पाळी कशी असते हे तपशिलाने पाहावे लागते. रात्री दहाला एका कुशीवर झोपवलेल्या माणसाला बाराला, दोनला आणि चारला वळवायचे. वळवताना गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवायची, टाचा गादीला टेकणार नाहीत असे पाहायचे, चादरीला चुणी राहू द्यायची नाही. सकाळी माकडहाड, नितंब, घोटे आणि टाचा उजेडात तपासायच्या. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचा, तो फिकट होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर त्या जागेवर भार पडू द्यायचा नाही. दर चार ते सहा तासांनी मूत्राशयात नळी घालून लघवी काढायची, ती गढूळ आहे का, तिला वास आहे का, हे पाहायचे, कारण ताप येण्यापूर्वी धोका तिथे दिसतो. आंघोळीचे पाणी आपल्या कोपराने अजमावायचे, कारण त्याच्या पायांना पोळल्याचे कळणार नाही. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा त्याहून वर असेल आणि नळी तुंबली, तर रक्तदाब एकाएकी इतका चढतो की मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा डोके ठणकू लागल्याची आणि घाम फुटल्याची तक्रार ऐकताच त्याला उठवून बसवायचे आणि आधी नळी तपासायची. हे सारे ज्ञान सुटी मिळण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत परिचारिकेकडून घेऊन आलेली, कदाचित दहावीपर्यंत शिकलेली स्त्री जन्मभर अचूक वापरते. हवेची गादी विजेवर चालते, म्हणून भारनियमनाच्या रात्री तिला एकदाही डोळा लागू देता येत नाही.

पाय गमावलेल्याच्या घरातली अडचण वेगळी असते. उरलेल्या अवयवाचे टोक पहिल्या महिन्यांत आकसत जाते, म्हणून आधी बसवलेला कृत्रिम पाय सैल होतो, घासतो, फोड आणतो आणि पुण्याची वारी पुन्हा करावी लागते. सपाट फरशीवर शिकलेले चालणे भाताच्या खाचरात किंवा पावसाळ्यातल्या चिखलवाटेवर उपयोगी पडत नाही. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला पाय अनवाणी चालण्यासाठी, उकिडवे बसण्यासाठी आणि मांडी घालण्यासाठी बनवलेला होता, यातच परदेशी पायाने भारतीय घराची कोणती गरज भागवली नव्हती हे दिसते. उंच उंबरठा, अरुंद न्हाणी, परसातला संडास यांमुळे खुर्चीवरचा माणूस स्वतःच्याच घरात एका खोलीपुरता उरतो. पुष्कळ घरांत पुनर्वसनाचा पहिला खर्च उंबरठा काढण्यावर होतो, आणि तो काढताना वडीलधाऱ्यांचे मन दुखावते, हाही या अभ्यासाचा विषय आहे.

शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी असते. सैनिक विशी-तिशीत जखमी होतो, म्हणजे तिचे वय त्याहूनही कमी असते. लग्नानंतरचा बहुतेक काळ तो सीमेवर आणि ती सासरी, अशा विरहात गेलेला असतो, त्यामुळे दोघांचा एकत्र संसार अनेकदा या अपघातापासूनच सुरू होतो. ती एकाच वेळी त्याची परिचारिका, घरातली कमावती किंवा शेत सांभाळणारी, सासूच्या दृष्टीने मुलाच्या नशिबाची साक्षीदार आणि त्याची पत्नी असते. यांपैकी शेवटचे नाते सर्वांत आधी झिजते. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरही शरीरसंबंधाचे काही मार्ग असतात, आणि वैद्यकीय साहाय्याने अपत्यप्राप्तीही अनेकांना शक्य होते. पण ही माहिती देण्याचा संकोच डॉक्टरांनाही वाटतो आणि विचारण्याचा संकोच जोडप्यालाही वाटतो. एका साध्या संभाषणाअभावी कित्येक संसारांतला ओलावा संपावा, ही गोष्ट या ग्रंथाला गंभीर वाटते, आणि म्हणूनच तिची चर्चा इथे आडपडदा न ठेवता केली आहे. अविवाहित जवानाच्या बाबतीत हे काम आईकडे येते. पंचवीस वर्षांच्या मुलाला उचलणारी पन्नाशीची आई वीस वर्षांनी सत्तरीत असते, मुलगा मात्र पंचेचाळिशीचा आणि तितकाच जड असतो. खडकीसारख्या केंद्रात आजन्म राहण्याची सोय का लागते, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे.

डोक्याला मार बसलेल्या किंवा मनाने खचलेल्या सैनिकाच्या घरी हा हिशेब आणखी अवघड होतो. पहिल्या महायुद्धात ज्याला ‘शेल शॉक’ म्हटले गेले, त्याच्याशी नाते सांगणाऱ्या अवस्थेला १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आघातोत्तर ताणविकार या नावाने स्थान मिळाले. भयंकर प्रसंग स्वप्नांत आणि जागेपणी पुन्हा पुन्हा अनुभवणे, सतत सावध राहणे, जवळच्यांपासून तुटणे ही त्याची लक्षणे. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटू लागले की दारे लावून बसणारा बाप मुलांना घाबरट वाटतो किंवा रागीट वाटतो, आजारी वाटत नाही. आणि दारूचा आधार घेतलेल्या माणसाला गाव बेवडा म्हणून निकाली काढते. भारतीय सेनेच्या ‘शेप’ या आरोग्य-वर्गवारीत मानसिक क्षमता, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण प्रकृती आणि दृष्टी अशा पाच कसोट्या आहेत व त्यांत मनाचा क्रम पहिला आहे. घरात मात्र मनाच्या जखमेला शेवटचा क्रम मिळतो. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना संदिग्ध वियोग ही कल्पना मांडली. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही, म्हणून शोकही करता येत नाही, असा तिचा आशय आहे. बॉस यांनीच ती पुढे शरीराने समोर असून स्वभावाने हरवलेल्या माणसांच्या कुटुंबांनाही लावली. मेंदूच्या दुखापतीनंतर बदललेल्या नवऱ्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीची अवस्था याहून नेमकेपणाने सांगणे कठीण आहे.

शुश्रूषा करणाऱ्याच्या प्रकृतीकडे स्वतंत्रपणे पाहण्याची शास्त्रीय सुरुवात बरीच उशिरा झाली. १९८० मध्ये स्टीव्हन झारिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांवरील भार मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली आणि तिचा उपयोग पुढे इतर आजारांतही होऊ लागला. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने अफगाणिस्तान-इराकमधून गंभीर जखमी होऊन आलेल्या सैनिकांची निगा राखणाऱ्या कुटुंबीयांना दरमहा मानधन, प्रशिक्षण, आरोग्यविमा आणि अधूनमधून विश्रांती देण्याची व्यवस्था झाली. २०१८ च्या कायद्याने ती जुन्या युद्धांतील सैनिकांपर्यंत वाढवण्याचे ठरले. भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली, तिच्यात पगार न घेणाऱ्या आईवडिलांचा आणि कुटुंबीयांचा समावेश केला, आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला. सैनिकांपुरती याहून जुनी तरतूद म्हणजे शंभर टक्के अपंगत्व असलेल्या आणि सतत सोबत लागणाऱ्या निवृत्त सैनिकाला मिळणारा सहायक भत्ता. जुलै २०१७ मध्ये त्याची रक्कम दरमहा ६,७५० रुपये ठरवण्यात आली. हा भत्ता सैनिकाच्या खात्यात येतो. वर वर्णन केलेल्या रात्रपाळीची ही किंमत आहे, आणि ती पाळी करणाऱ्या स्त्रीच्या नावाने कुठेही काही जमा होत नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची रचना इथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, हे वैद्यकीय मंडळाने मान्य केले तर सैनिकाला नेहमीच्या सेवाघटकाबरोबर अपंगत्वघटक मिळतो. शंभर टक्के अपंगत्वासाठी तो शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. जखम युद्धात किंवा तत्सम कारवाईत होऊन त्यामुळे सेवा सोडावी लागली असेल, तर त्याऐवजी मिळणारा युद्धजखमेचा घटक त्या वेतनाइतकाच असतो. त्यामुळे ‘कारण काय’ या प्रश्नावर वर्षानुवर्षे खटले चालतात. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरवले की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवला तर तो सेवेमुळेच आला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची राहील. २०२२ पासून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांना सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांचे एकरकमी साहाय्य आहे. बावीस वर्षांच्या मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांसाठी ही रक्कम कशी पुरवायची, हा प्रश्न त्याच्या घरापुढे उभा राहील. अकादमीत प्रशिक्षण घेताना अपंग होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांना तर माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. त्यांच्या स्थितीची सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

या विषयावर मराठी वाचकाला जे ठाऊक असते ते बहुधा पराक्रमाच्या कथांतून. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्रीसाठी मात्र त्यांना २०१८ पर्यंत वाट पाहावी लागली. १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट चढलेले मेजर हरिपालसिंग अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात मणक्याला गोळी लागून खुर्चीत आले आणि पुढे दिल्लीत मज्जारज्जूच्या दुखापतींचे मोठे रुग्णालय त्यांनी उभारले. १९७१ मध्ये सुरुंगाने चिंधड्या झालेला पाय खुकरीने कापून टाकणारे इयान कार्डोझो पुढे बटालियनचे नेतृत्व करणारे पहिले अपंग अधिकारी ठरले. ही माणसे वंदनीय आहेत आणि त्यांच्या कथा सांगितल्याच पाहिजेत. तथापि केवळ अशाच कथा सांगितल्या गेल्या, तर जो जवान पदक जिंकत नाही, ज्याला खाटेवरून उठणे हेच दिवसाचे काम असते, तो स्वतःला कमी समजू लागतो आणि त्याचे घरही त्याच्याकडे त्याच मापाने पाहू लागते. शहिदाच्या पत्नीला वीरपत्नी म्हणून व्यासपीठावर मान मिळतो आणि तो रास्त आहे. जायबंदी सैनिकाची पत्नी त्या व्यासपीठासमोरच्या गर्दीतही क्वचित असते, कारण त्याला घरी एकटे टाकून तिला येता येत नाही.

यापुढील प्रकरणांत शेवटी ज्या प्रश्नाकडे जावे लागते तो सैनिकाच्या मृत्यूनंतरचा आहे. मज्जारज्जूची दुखापत झालेला माणूस जखमेनंतर तीस वर्षांनी मूत्रपिंड निकामी होऊन किंवा शय्याव्रणातला जंतुसंसर्ग रक्तात पसरून गेला, तर त्या मृत्यूचे मूळ त्या जुन्या जखमेत असू शकते. आणि तसे मान्य झाले तर त्याच्या पत्नीला साध्या कुटुंबनिवृत्तिवेतनापेक्षा अधिक दराचे विशेष निवृत्तिवेतन मिळू शकते. हा संबंध कागदांनी दाखवावा लागतो. रुग्णालयातील दाखल्यांच्या तारखा तिच्याकडे असतात, पण त्या दाखल्यांच्या मधली वर्षे घरात गेलेली असतात: किती वेळा ताप आला, कोणत्या पावसाळ्यात माकडहाडावरची जखम चिघळली, लघवीत रक्त कधीपासून दिसू लागले. अनेक स्त्रिया मुलांच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर हे लिहून ठेवतात, कारण डॉक्टर विचारतात तेव्हा सांगता यावे. वैद्यकीय मंडळांनी आणि न्यायाधिकरणांनी अशा वह्यांना पुरावा म्हणून जागा द्यावी, त्या कशा लिहाव्यात हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी सुरुवातीपासूनच शिकवावे, आणि जिने तीस वर्षे त्या लिहिल्या तिचे म्हणणे तज्ज्ञाच्या म्हणण्याबरोबर ऐकून घ्यावे, ही या ग्रंथाची पहिली मागणी आहे.